संवादी

‘संवाद’ हा शब्द बोलण्यात फार स्वस्त झाला आहे, संगीतात मात्र त्याचं माप अजून शाबूत आहे. सम् आणि वद्, म्हणजे एकत्र बोलणं. सप्तकाच्या २२ श्रुती, म्हणजे स्वरांतलं अंतर मोजायची बारीक मापं. ज्या दोन स्वरांत ९ किंवा १३ श्रुतींचं अंतर, ते एकमेकांचे संवादी, असं भरताचं नाट्यशास्त्र सांगतं. म्हणजे षड्जाशी मध्यम आणि पंचम.

हे माप ऐकायचं तर कुणी तानपुरा लावत असेल तिथे जाऊन बसावं. पहिली तार पंचमाची, मधली षड्जाची जोड, शेवटी खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. खुंटी पिळून स्वर जवळ आणायचा आणि मग तारेतला मणी केसभर सरकवायचा. पंचम किंचित उतरला असेल, तर जोडीबरोबर वाजताना नादात लाट उठते. मणी सरकतो तशी ती संथ होत जाते आणि जुळलं की विरते. मग जवारी. घोडीवर तारेखाली सुताचा धागा पुढेमागे करायचा, तार खुलेपर्यंत. आता नुसता खर्ज छेडला तरी गांधार ऐकू येतो! त्याची वेगळी तार वाद्यात नसतेच. खर्जाच्या पाचपट वेगाचं सूक्ष्म कंपन त्याच तारेत चालू असतं, जवारी त्याला वर आणते. गाणारे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. मिरजेत ही वाद्यं घडवणारे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. घोडी घासून जवारी काढायला तसाच हात लागतो.

रागातही वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि त्याचा संवादी असतो. यमनात गांधार-निषाद, भूपात गांधार-धैवत. दोन्ही जोड्या मापात बसणाऱ्या. मारव्यात मात्र संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या पद्धतीनं वादी कोमल रिषभ आणि संवादी शुद्ध धैवत. हे अंतर षड्ज-पंचमापेक्षा अर्ध्या स्वरानं जास्त, म्हणजे भरताच्या मापाबाहेरचं. मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार बहुधा निषादाला लावतात. मारव्याची हुरहुर मला या न जुळण्यातच आहे असं वाटतं. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा विलंबित मारवा मी म्हणूनच तानपुऱ्याकडे कान ठेवून ऐकतो. षड्ज तिथे अखंड चालू असतो आणि खाँसाहेब त्याच्या शेजारून जाऊन रिषभावर थांबतात.