रामगढची मशीद

अब्बा सोलापूरहून आले तेव्हा उद्यान एक्सप्रेसचे परतीचे तिकीट त्यांच्या खिशातच होते. दहा दिवसांसाठी येतो, डोळे दाखवतो आणि जातो, असे त्यांनी फोनवरच बजावले होते. घरी आल्यावर जोहरच्या दोन रकात पढून त्यांनी सलाम फेरला, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाची नियत म्हणजे मुसाफिर, आणि मुसाफिराला कस्र. मुलाच्या घरातही अब्बा मुसाफिरच होते.

अम्मीच्या इंतकालनंतरची पाच वर्षे ते सोलापुरात एकटे राहतात. यंत्रमागावर उभी हयात गेली, त्यामुळे कुणाकडून काही करून घ्यायची सवय नाही. डॉक्टरांनी डोळे तपासून काचबिंदू असल्याचे सांगितले. समोरचे दिसते, पण बाजूची नजर बरीच गेली आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची असेल तर रोज ठरल्या वेळी थेंब पडलेच पाहिजेत. "मग इथेच राहा," आम्ही म्हटले. "शेजारचा पोरगा घालेल थेंब," अब्बा म्हणाले. रोज रात्री दस्तरखानावर हा विषय निघायचा आणि त्या शेजारच्या पोरापाशी येऊन संपायचा.

निघायला चार दिवस उरले तेव्हा आम्ही विचारले, "बंगळुरूत काही बघायचंय का?" लालबाग म्हणतील, टिपू सुलतानचा महाल म्हणतील असे वाटले होते. अब्बा क्षणभर थांबून म्हणाले, "रामगढ इथूनच जवळ आहे म्हणतात ना?"

रामगढ म्हणजे 'शोले'मधले गाव. 15 ऑगस्ट 1975 रोजी हा चित्रपट झळकला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक काळ चालला. अब्बांनी तो सोलापूरच्या टॉकीजमध्ये चार वेळा पाहिला. तेव्हा ते बावीस-तेवीस वर्षांचे होते. सिनेमाची जागा पाहायला वयस्कर माणसाला घेऊन जायचे, हे काही वाचकांना खटकेल. आम्हालाही थोडे नवल वाटले होते. पण पाच वर्षांत अब्बांनी आमच्याकडे पहिल्यांदाच काही मागितले होते.

आमच्या इमारतीतल्या ओळखीच्या एकाने दहा जणांची छोटी सहल ठरवली होती. तिच्यात आम्ही चार जागा घेतल्या: आम्ही दोघे, आमची बारा वर्षांची मुलगी आणि अब्बा. बाकीच्यांत एक निवृत्त तमिळ शिक्षक व त्यांच्या पत्नी, कोलकात्याचे तीन तरुण आणि रामनगरचाच एक हसरा गाइड. शनिवारी फज्रची नमाज पढून निघालो. म्हैसूरला जाणारा नवा द्रुतगती मार्ग बिडदी आणि रामनगर या गावांना बाहेरून वळसा घालतो. आमच्या चालकाने मात्र मुद्दाम जुना रस्ता धरला, कारण बिडदीची तट्टे इडली. तट्टे म्हणजे ताटली. ताटलीएवढी पसरट, मऊ इडली, वर लोण्याचा गोळा. अब्बांनी एक खाल्ली आणि दुसरीही मागवली.

बंगळुरूपासून रामनगर साधारण पन्नास किलोमीटर. गाव जवळ आले तसे दोन्ही बाजूंना प्रचंड गोटे आणि उघडे कातळ दिसू लागले. हा ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचा. भूगर्भशास्त्रात त्याला 'क्लोजपेट ग्रॅनाइट' म्हणतात, कारण इंग्रजांच्या काळात रामनगरचे नाव क्लोजपेट होते, बॅरी क्लोज या इंग्रज अधिकाऱ्यावरून पडलेले. त्याआधी, टिपू सुलतानच्या काळात, याच गावाला शमशेराबाद म्हणत. एका गावाने तीन नावे घेतली आणि चौथे, रामगढ, त्याला सिनेमाने दिले.

गावाजवळची रामदेवर बेट्टा ही टेकडी आता वनखात्याकडे आहे. फाटकावर तिकीट काढून आत जायचे. माथ्यावर श्रीरामाचे मंदिर आहे आणि तिथवर कातळातून पायऱ्या जातात. 2012 मध्ये ही टेकडी गिधाडांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाली, देशातले असे पहिलेच. लांब चोचीची गिधाडे इथल्या उभ्या कड्यांत घरटी करतात. एकेकाळी गावोगावी दिसणारा हा पक्षी गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे मरत गेला. औषध दिलेले जनावर मेले की त्याचे मांस गिधाडे खात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण मधल्या काळात फारच थोडी गिधाडे उरली.

पायऱ्या चढताना अब्बांचा त्रास आमच्या पहिल्यांदा नीट ध्यानात आला. समोरचा कडा त्यांना दिसत होता, पायाखालची पायरी दिसत नव्हती. मुलगी त्यांचा हात धरून मोजत होती, "दादा, आता उंच पायरी. आता दोन सपाट." पन्नासेक पायऱ्यांनंतर अब्बा म्हणाले, "बस, इथून दिसतंय." बाकीची मंडळी वर गेली. आम्ही एका झाडाच्या सावलीत टेकलो. गाइडही आमच्यापाशी थांबला.

त्याने समोरचे कातळ दाखवायला सुरुवात केली. गब्बरचा अड्डा त्या बाजूला, ठाकूरचे गाव खाली सपाटीवर. दिग्दर्शक रमेश सिप्पी, लेखक सलीम-जावेद, कॅमेरा द्वारका दिवेचा यांचा. ही जागा शोधली आणि गावाचा सेट उभारला तो कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी. ऑक्टोबर 1973 मध्ये इथे चित्रीकरण सुरू झाले. सेटपर्यंत गाड्या येण्यासाठी महामार्गापासून रस्ताही निर्मात्यांनीच केला. रेल्वेवरच्या दरोड्याचे दृश्य मात्र आपल्याकडे पनवेलजवळ घेतले आणि त्यालाच सात आठवडे लागले. गाइड हे सारे पाठ असल्यासारखे सांगत होता. अब्बांनी त्याला मध्येच थांबवले.

"मशीद कुठे होती?"

गाइड गोंधळला. "साब, सगळे गब्बरची जागा विचारतात. टाकीची विचारतात. मशिदीची कुणी विचारली नाही."

त्याने कुणाला तरी फोन लावला, कन्नडमध्ये बोलला आणि म्हणाला, "खाली, गावातच असणार. पण आता काही नाही साब. सेट होता. शूटिंग संपलं, काढून नेला." खालच्या सपाटीवर झुडपे होती आणि दोन शेळ्या चरत होत्या. अब्बा बराच वेळ तिकडेच पाहत राहिले.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रामगढमध्ये एक आंधळे इमामसाहेब आहेत. ए. के. हंगल यांनी ती भूमिका केली. त्यांचा मुलगा अहमद म्हणजे आपले सचिन पिळगावकर, तेव्हा अगदी कोवळे. अहमदला जबलपूरच्या बीडी कारखान्यात नोकरी मिळण्याजोगी असते, पण आंधळ्या बापाला सोडून जायला तो तयार नसतो. बाप त्याची समजूत घालून त्याला पाठवतो. वाटेत डाकू त्याला मारतात आणि घोड्यावरून त्याचे प्रेत गावात परत येते. त्याला मारल्याचे दृश्य चित्रित झाले होते, पण आणीबाणीच्या त्या दिवसांत सेन्सॉरने ते कापले. चित्रपटाचा शेवटही तेव्हा बदलावा लागला. त्यामुळे आमच्या आधीच्या पिढीने पडद्यावर अहमदचा मृत्यू पाहिलाच नाही. पाहिले ते बापाचे हात, मुलाच्या चेहऱ्यावरून फिरणारे. मग अजान होते आणि तो बाप नमाजला जातो.

"टॉकीजमध्ये शिट्ट्या मारणारी पोरं तेव्हा चिडीचूप झाली होती," अब्बा म्हणाले. "आमच्या रांगेत मुसलमान कमी, बाकीचेच जास्त. सगळे रडले. घरी येऊन तुमच्या अम्मीला सांगितलं, तर ती बीड्या वळत वळत म्हणाली, बीडीच्या कारखान्यासाठी कशाला पाठवायचं पोराला जबलपूरला, सोलापुरात काय कमी आहेत?"

आम्ही हसलो. अब्बाही हसले. मग म्हणाले, "तेव्हा मला त्या म्हाताऱ्याचं सब्र दिसलं होतं. जवान होतो ना. आता दुसरंच दिसतं. पोरगा सांगत होता, अब्बा, तुम्हाला एकट्याला टाकून जात नाही. बापाने ऐकलं नाही."

यावर आम्हाला काही बोलता आले नाही. अब्बांनीच आम्हाला बंगळुरूला पाठवले होते. नोकरीचे पत्र आले तेव्हा आम्ही नको म्हणत होतो, आणि त्यांनीच आमची ट्रंक बांधली होती. कड्यावरून एक गिधाड सुटले आणि पंख न हलवता लांबवर तरंगत गेले. मुलीने अब्बांची हनुवटी हलकेच त्या दिशेला वळवली. "दिसलं," अब्बा म्हणाले.

खाली उतरलो तेव्हा ऊन तापले होते. सहलीत पुढचा थांबा रेशमाचा होता. रामनगरचा कोषबाजार आशियातल्या सर्वांत मोठ्या बाजारांत गणला जातो. म्हैसूर राज्यात रेशीम रुजवले ते टिपू सुलतानने. आज महाराष्ट्रातले तुती लावणारे शेतकरीही आपले कोष गाडीत भरून इथवर विकायला आणतात. गावात कोषांपासून सूत काढणारे अनेक छोटे कारखाने आहेत, त्यांतले बरेचसे मुसलमान घरांचे. गाइड आम्हाला अशाच एका घरी घेऊन गेला.

आत शिरताच उकडलेल्या कोषांचा उग्र वास आला. कोलकात्याच्या पोरांनी नाकाला रुमाल लावले. गरम पाण्यात पांढरे-पिवळे कोष डुचमळत होते आणि बायका झपाझप त्यांची टोके शोधून चाकाला लावत होत्या. दिवसभर त्या पाण्यात राहून त्यांच्या बोटांची कातडी पांढरी पडली होती. एका कोषातून सुमारे हजार मीटर अखंड धागा निघतो, आणि असे कित्येक धागे एकत्र आले की वापरण्याजोगे सूत होते. मालक दखनीत बोलू लागले आणि अब्बांचा चेहरा उजळला. सोलापूरची दखनी आणि रामनगरची दखनी एकमेकींना लगेच ओळखतात.

अब्बांनी चाकावरून उतरलेली लड हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हळूहळू सरकवली. "इथे जाड आहे," ते एका ठिकाणी थांबून म्हणाले. मालकांनी उजेडात धरून पाहिले आणि मान डोलावली. "चाचा, मागावर होते का तुम्ही?" "पस्तीस वर्षं," अब्बा म्हणाले. मग दोघांचे जे बोलणे सुरू झाले ते अजान होईपर्यंत थांबले नाही.

जोहर गल्लीतल्या मशिदीत पढली. शेजारच्या आपांनी आमच्यातल्या दोघींना घरात बोलावून जानमाज अंथरली आणि नंतर लिंबाचे सरबत दिले. मशीद साधी होती. वुजूखान्यात सकाळपासून राबलेले हात धुतले जात होते, तरी कोषांचा तो वास पुरता जात नव्हता. स्थानिक इमामांमागे अब्बांनीही चार रकात पढल्या. बाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, "रामगढची मशीद विचारत होतो. ही तर इथे होती."

परतताना मंडळींनी चन्नपट्टणला जाऊन लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी घेतली. मुलीने भोवरा घेतला. तुम्ही कधी बंगळुरूला गेलात तर ही सहल जरूर करा. शक्यतो सकाळी लवकर निघा, टेकडीवर पाणी आणि टोपी न्या, गिधाडांच्या कड्याजवळ आरडाओरड करू नका. गुडघ्यांचा किंवा नजरेचा त्रास असलेल्यांना सगळ्या पायऱ्या चढायला लावू नका, अर्ध्यावरूनही पुष्कळ दिसते. आणि रेशमाचे एक घर अवश्य पाहा. कुरआनात जमिनीवर फिरून डोळे उघडे ठेवण्याची ताकीद पुन्हा पुन्हा आली आहे. ज्या गावाचे नाव साऱ्या देशाला एका खोट्या गावामुळे माहीत झाले, त्या खऱ्या गावात कोण राहते, हे पाहणेही त्यातच आले असे आम्हाला वाटते.

घरी पोचायला मगरिब उलटून गेली. थोड्या वेळाने अब्बांनी त्यांच्या कोपऱ्यात इशाची नियत बांधली. आम्ही स्वयंपाकघरात होतो. दोन रकातींनंतर ते सलाम फेरतील म्हणून ताटे घेतली. अब्बांनी सलाम फेरला नाही. अत्तहिय्यात झाली आणि ते गुडघ्यांवर हात टेकून तिसऱ्या रकातीसाठी उभे राहिले. मग चौथीसाठी.

आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि ताटे झाकून ठेवली. नमाज आणि दुआ संपल्यावर अब्बांनी जानमाजेची घडी घातली आणि आतल्या दिशेने आवाज दिला, "थेंबांची वेळ झाली ना? कुठे ठेवलीय ती बाटली?"