नसलेला चेंडू

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातली आमच्या वर्गाची एकांकिका काहींना आठवत असेल. शेवटी चार मुले बॅट-चेंडूशिवाय क्रिकेट खेळतात. चेंडू सीमेपार जातो आणि कडेला उभा असलेला नायक तो नसलेला चेंडू उचलून परत फेकतो. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात. लेखनाचे बक्षीस मला मिळाले. एका सरांनी पाठ थोपटून विचारले, "कसे सुचले रे हे?" मी नुसताच हसलो. (विनयशील दिसलो असेन!)

सुचले कसले! मित्राच्या खोलीवर मी अँटोनिओनी यांचा 'ब्लो-अप' (१९६६) पाहिला होता. लंडनमधला एक छायाचित्रकार बागेत फोटो काढतो. ते मोठे करता करता त्याला झुडपात पिस्तूल धरलेला हात दिसतो, मग प्रेत. पण फोटो चोरीला जातात, प्रेतही नाहीसे होते. शेवटी रंगवलेल्या चेहऱ्यांची मंडळी चेंडूविना टेनिस खेळतात आणि हा त्यांना तो चेंडू उचलून देतो. मी टेनिसचे क्रिकेट केले, एवढेच. कोणी ओळखले नाही याचा आनंदच झाला होता.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत 'जाने भी दो यारो' (१९८३) पाहिला. नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी हे दोघे फाटके छायाचित्रकार बागेतला फोटो मोठा करतात, तर त्यात खून! त्या बागेचे नाव काय, तर अँटोनिओनी पार्क. मी हसता हसता एकदम गप्प झालो. दिग्दर्शक कुंदन शाह पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. त्यांनी ज्याचे घेतले त्याचे नाव भर मुंबईतल्या बागेला देऊन टाकले. ज्याला ओळखता येईल त्याने खुशाल ओळखावे.

आणि नुसता नमस्कार करून ते थांबले नाहीत. अँटोनिओनींचे प्रेत हरवते. खून झाला की नाही, इथपर्यंत शंका येते. कुंदन शहांचे प्रेत मात्र हरवता हरवत नाही. कमिशनर डिमेलोचे ते कलेवर महाभारताच्या रंगमंचावर द्रौपदी होऊन उभे राहते! पुरावा सर्वांच्या डोळ्यांदेखत आहे, तरी शेवटी तुरुंगाचे कपडे चढतात ते या दोघा भाबड्यांच्या अंगावर. लंडनमध्ये सत्य सापडत नव्हते. मुंबईत ते सापडले आणि काही उपयोग झाला नाही. मला हा बदल मूळ चित्रपटाहून अधिक बोचतो.

सुट्टी संपल्यावर मी त्याच सरांना गाठून सारे सांगितले. वाटले, रागावतील. ते म्हणाले, "घेतलेस ते ठीक. पण टेनिसचे क्रिकेट झाल्यावर तुझ्या गोष्टीत काय बदलले?"

मी बराच वेळ उभा होतो. काहीच बदलले नव्हते. गेल्या अंकात त्या प्रसंगाचे छायाचित्र आहे आणि खाली 'संकल्पना' म्हणून माझे नाव. ज्यांच्याकडे तो अंक असेल त्यांनी ते खोडून अँटोनिओनींचे लिहावे.