मुठीत मावणारा प्राणी

आमच्या घरात कुत्र्याला मी भितो आणि मांजराला सौभाग्यवती. त्यामुळे चिंगीने "काहीतरी पाळू या ना!" असा हट्ट धरला, तेव्हा द्रोणागिरीच्या आमच्या दोन खोल्यांत मावेलसा प्राणी शोधणे आले.

सशाचे दात म्हणे जन्मभर वाढतात. गवत कमी पडले की स्वारी विजेच्या वायरीकडे वळते. शिवाय जोडी आणली की महिन्याभरात पाळणा! गिनीपिग बिचारा गरीब. पण माणसासारखेच त्याच्याही अंगात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही. रोज ढोबळी मिरची द्यायला हवी. "माझ्या जीवनसत्त्वांची कधी चौकशी केलीत?" इति सौभाग्यवती.

शेवटी हॅम्स्टर आला. एकलकोंडा, दिवसभर झोपणारा. "अगदी तुमच्यावर गेलाय," ही म्हणाली. त्याचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचेच, हे मात्र मी चिंगीला सांगितले नाही. 2024 च्या जानेवारीत उरणपर्यंत लोकल सुरू झाली, त्याच महिन्यात तो आला. दोन वर्षे पुरती भरली नाहीत.

चिंगी रडली नाही. खिडकीतला डोंगर दाखवून म्हणाली, "मारुतीच्या हातून पडलेला तुकडा हाच ना? मग संजीवनी असेलच की!"

रविवारी दोघे डोंगर चढलो. झाडपाला पुष्कळ, त्यातली संजीवनी कोणती? "अगं, मारुतीलाही ओळखता आली नव्हती. म्हणून तर त्याने डोंगरच उचलला!" मी म्हणालो. तेव्हा कुठे चिंगी रडली.

डोंगर उचलणे माझ्याच्याने होणार नव्हते. मी चिंगीला उचलले.

उतरताना ती कानाशी पुटपुटली, "बाबा, कासव किती वर्षं जगतं हो?"