डंपरबंदीचा कागद मागा, 10 रुपयांत

हिंजवडीत मिक्सर किंवा डंपरखाली कुणी गेलं की दोन दिवस सगळे बोलतात. ग्रुपवर फोटो, मग निवेदन, मग "गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी आहेच की" हे उत्तर. जानेवारी 2025 मध्ये सिमेंट मिक्सर उलटून दुचाकीवरच्या दोन तरुणी त्याखाली गेल्या, तेव्हाही हेच झालं. मला तेव्हापासून एकच गोष्ट हवी आहे. ही बंदी मोडली म्हणून महिन्याला किती गाड्यांवर कारवाई होते? हा काही मतांचा विषय नाही. तो आकडा पोलिसांच्या दप्तरात असतो.

तो मागायचा कसा, हे बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय.

माहिती अधिकारात 'का' विचारायचं नाही. "कारवाई का होत नाही?" असा अर्ज केला की उत्तर येतं, माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे, देता येत नाही. आणि खरं सांगायचं तर ते नियमाला धरूनच असतं. कायदा नोंदी देतो, खुलासे नाही. म्हणून कागदाचं नाव घ्यायचं: अवजड वाहनांच्या बंदीच्या आदेशाची प्रत. त्या आदेशाच्या भंगाबद्दल अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत झालेल्या कारवाईची महिनावार संख्या. त्याच काळात ठाण्याच्या हद्दीत दाखल झालेल्या प्राणांतिक अपघातांचे गुन्हा क्रमांक, तारीख, ठिकाण, वाहनाचा प्रकार. मयताचं किंवा चालकाचं नाव मागू नका. आपल्याला ते नकोच आहे, आणि वैयक्तिक माहितीच्या नावाखाली अख्खा अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं.

आपल्या महाराष्ट्रात 2012 पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द असा नियम आहे. म्हणून आदेश आणि कारवाईचा एक अर्ज, अपघातांचा दुसरा. जोडपत्र 'अ', त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही जातो. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही, कलम 6(2) तसं स्पष्ट म्हणतं. काउंटरवर कुणी विचारलंच तर हसून हे कलम सांगा, वाद घालू नका. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर योग्य ठिकाणी 5 दिवसांत पाठवणं हे त्यांचं काम. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय 15 ऑगस्ट 2018 ला सुरू झालं, त्यामुळे त्याआधीचं काही हवं असेल तर अर्ज पुण्याकडे जाणार हे धरूनच चाला.

नुसता एफआयआर हवा असेल तर एवढंही करायला नको. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालामुळे लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर 24 तासांत वेबसाइटवर टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ठाणं आणि तारीख टाकून बघा.

आता माझं. एका कार्यालयातून मला एका ओळीचं उत्तर आलं: "तपास सुरू असल्याने कलम 8(1)(ज) नुसार माहिती नाकारण्यात येत आहे." महिनावार संख्येने कुणाचा तपास बिघडतो, देवास ठाऊक! तपास चालू आहे एवढं कारण पुरत नाही, माहिती दिल्याने त्यात अडथळा कसा येईल हे दाखवावं लागतं. भगत सिंग प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये हेच सांगितलंय. तो निकाल जोडून, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून मी प्रथम अपील टाकलं. अपिलाला मुदत 30 दिवसांची. अर्जाला 30 दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तरी तो नकारच धरतात आणि अपील करता येतं. त्यानंतर मिळालेली माहिती मग फुकट द्यावी लागते. पुढे दुसरं अपील 90 दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. तिथे रांग मोठी आहे, त्यामुळे पहिल्याच अपिलात सगळे मुद्दे नीट मांडा.

घरचे म्हणतात, एकट्याने कशाला? त्यांचं चुकत नाही. इथून जवळच तळेगाव दाभाडेला जमीन व्यवहारांची माहिती काढणाऱ्या सतीश शेट्टींचा 13 जानेवारी 2010 ला भर सकाळी खून झाला. डंपरच्या धंद्यात कुणाकुणाचे पैसे आहेत हे आपल्या गावात वेगळं सांगायला नको. म्हणून एकाच्या नावाने दहा अर्ज नकोत, दहा सोसायट्यांतून दहा नावांनी जाऊ देत. प्रत्येकाने आपापला महिना घ्यायचा.

माण, मारुंजी आणि फेज 3 मधली तीन माणसं तयार झाली आहेत. अजून सात पाहिजेत. अर्जाचा मसुदा माझ्याकडे टाईप करून तयार आहे, मेसेज करा, पाठवतो. स्टॅम्प मात्र ज्याचा त्याने आणायचा.