पत्रिकेत नसलेल्या ओळी

कारंज्यात माणसाची चौकशी वेशीपासून सुरू होते. दिल्ली वेशीकडचे की मंगरूळ वेशीकडचे? मामेकूळ कोणतं? नृसिंह सरस्वतींच्या या जन्मगावी गुरुमंदिराजवळ टेकलेली म्हातारी माणसं दोन प्रश्नांत तुमच्या चार पिढ्या उलगडतात. गोत्र, देवक, कुलदैवत, सगळं पाठ. मात्र आजोबा कशानं गेले म्हणून विचारा. "छातीत कळ आली अन् गेले." वय? "काय मालूम बा, केस तं काळेच होते."

वैद्यकाच्या लेखी त्या काळ्या केसांना फार मोल आहे. वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर पुढच्या पिढीकडे वेगळ्या नजरेनं पाहतात.

आमच्याकडे हा इतिहास लिहिलेला नाही, तो आईच्या सुपारीच्या डब्यात आहे. अडकित्त्याशेजारी गोळ्यांच्या पट्ट्या. कात्रीनं अर्ध्या कापलेल्या, मागच्या चंदेरी कागदावर नावाची चारच अक्षरं उरलेली. लग्नाच्या पंगतीत दोघी मावश्या तिच्या शेजारी बसतात. जिलबी वाढून होते न होते तोच पदराआडून पट्ट्या निघतात. "तुही पाचशेची का हजाराची?" दुसरा घास त्यानंतर. तिघी बहिणी, तिघींची साखर, तिघींचं बीपी. आणि आम्ही पोरं शेजारच्या रांगेत मठ्ठ्याची वाट पाहत!

कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड आणि कमी पडलेलं चांगलं कोलेस्टेरॉल, या पाचांतल्या तिघांनी एकत्र ठाण मांडलं की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. दुखत काहीच नाही, हीच त्याची लबाडी. आपल्याकडे घेराची रेघ पुरुषाला 90 आणि बाईला 80 सेंटिमीटर. शिंप्याच्या टेपनं मोजता येते ती, पण माप घेताना आपण श्वास आत ओढतो.

"आपल्या घरात कोणी जाडं नाही" हा दिलासाही फसवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही त्यांना अशीच दिसली, वजनानं हलकी पण चरबी राखून असलेली. म्हणजे वारसा नुसता रक्तातून येत नाही. आईच्या पोटातली उपासमारही त्यात मिसळते. आणि घराण्याच्या सवयी? तर्रीचा हात, जेवणानंतरची ताणून दिलेली दुपार, तेही पिढ्यांचंच देणं.

तरी सगळं आजोबांच्या माथी मारू नये. मधुमेहाचा धोका मोजायला चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या चमूनं एक सोपी गुणपत्रिका केली. आई-वडील दोघांनाही मधुमेह असेल तर त्यात 20 गुण. व्यायाम नाही आणि कामही बैठं, तर 30.

येत्या दिवाळीत सगळे जमाल, तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी एक वही ठेवा. कोणाला काय झालं आणि कितव्या वर्षी, एवढंच लिहा. आईकडचं लिहायला विसरू नका. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या.