अक्षराखालचे ठिपके

पस्तीस वर्षं मी पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकवली. क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि. मूल ज्या दिवशी वेलांटीकडे बोट न नेता ‘किती’ वाचतं, तो दिवस बाईंच्या लक्षात राहतो. मुलाच्या राहत नाही. वाचता येऊ लागलं की वाचता येत नव्हतं तो काळ माणूस विसरून जातो. माझाही तो काळ पुसला गेला होता. शेजारच्या मावशींनी साठीनंतर तो मला परत दिला.

मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. ठाण्यात १८७९ साली बांधलेलं सिनेगॉग आहे, तिथे त्यांचं लग्न झालं. बोलणं माझ्यासारखंच मराठी, मलिद्याच्या पोह्यांत खोबरं पडतं तेही आमच्यासारखंच खोवून. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की त्या हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक उघडतात, आपल्या दृष्टीने मागच्या बाजूने, आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचतात. एकदा मी म्हटलं, “मावशी, मला हे वाचायला शिकवा.” त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि डावीकडे उघडी असलेली एक चौकट काढली. आत मधोमध एक ठिपका दिला.

“हे बेत. काय वाचशील?”

“ब,” मी म्हटलं.

“ब नाही. त्यात अ कुठे लिहिलाय?”

मी त्या चौकटीकडे बघत राहिले. आपल्या प्रत्येक व्यंजनात अ मुळातच असतो. तो काढायचा तर अक्षराचा पाय मोडावा लागतो. आयुष्यभर मी मुलांना पायमोडका ब् हा अपवाद म्हणून दाखवला, आणि इथे बावीसच्या बावीस अक्षरं तशी. ‘ब’ म्हणताना जो श्वास मी गृहीत धरला होता, तो त्या कागदावर नव्हताच.

मग मावशींनी चौकटीखाली आडवी रेघ ओढली: बा. शेजारी-शेजारी दोन ठिपके: बे. एकच ठिपका: बी. तिरके उतरते तीन ठिपके: बू. डोक्यावर एक ठिपका: बो. ह्या खुणांना एकत्रितपणे निकूद म्हणतात, म्हणजे ठिपके देणं. प्रत्येक खुणेचं नाव तिचा स्वर स्वतःच सांगतं. पातखमधला पहिला स्वर आ, त्सेरेमधला ए, खिरीकमधला ई, खोलाममधला ओ, कुबुत्समधला उ. नाव पाठ झालं की उच्चार हातात आला. कोणी तरी मुलांचा विचार करून ही नावं रुळवली असतील असं माझ्या शिक्षकमनाला वाटून गेलं.

पूर्व युरोपातल्या ज्यू पाठशाळांत मुलं हे सुरात घोकत: कोमेत्स आलेफ, ओ. आमचं ‘क ला काना का’च की! फक्त तिथे ज्या खुणेला ओ म्हणत, तिलाच बगदादकडचे आ म्हणत आणि मावशीही आ म्हणतात. आजच्या इस्राएलमध्येही ती बहुतेक ठिकाणी आ. तरी ‘खोखमा’ म्हणजे शहाणपण ह्या शब्दात तीच खूण अचानक ओ होते. ते कानानेच शिकायचं.

आ साठी दोन खुणा आहेत, हीच कामात्स (तिकडची कोमेत्स) आणि पातख. ए साठीही दोन. बाराव्या शतकात योसेफ किम्खी ह्या व्याकरणकाराने स्वरांची मांडणी पाच दीर्घ आणि पाच ह्रस्व अशी केली. आज बोलण्यात तो भेद उरलेला नाही, लिहिण्यात मात्र तो काटेकोर पाळतात. हे ऐकलं आणि पस्तीस वर्षांच्या वह्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. पहिली वेलांटी की दुसरी म्हणून मी किती गोल केले असतील! मुलं ज्या कानांनी ऐकत होती, त्या कानांना फरक ऐकूच येत नव्हता. आपल्या मोडीत तर इकार-उकारांचा ह्रस्व-दीर्घ भेद नाहीच, आणि तिच्यात राज्याचा कारभार चालला. ती मुलं आता पुन्हा समोर बसली, तर मी आधी त्यांच्या कानाला काय ऐकू येतं ते विचारीन.

माझी सगळ्यात जास्त अडवणूक झाली ती श्वाने. अक्षराखाली उभे दोन ठिपके. त्यांचा अर्थ कधी ‘अगदी हलका ए’, कधी ‘काहीच नाही’. खूण एकच. ‘श्मा यिस्राएल’ ह्या प्रार्थनेच्या पहिल्या दोनच शब्दांत ती दोनदा येते. पहिल्या शब्दात मावशी ‘शेमा’ असं किंचित टेकून म्हणतात, दुसऱ्यात स अर्ध्यावर सोडून पुढे जातात. “कुठे म्हणायचा आणि कुठे नाही, हे कसं कळतं?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “तू चमचा कसा वाचतेस?”

पहिलीतलं मूल ‘च… म… चा’ असं सुटं वाचतं. आपण चम्चा म्हणतो. म मधला अ गिळायचा हे कुठेही लिहिलेलं नाही, मी कधी शिकवलंही नाही, आणि दिवाळीपर्यंत वर्गातली सगळी मुलं तो गिळायला लागलेली असायची. भाषाशास्त्रात अशा निसटत्या स्वराला जगभर ‘श्वा’ म्हणतात. तो शब्द ह्याच दोन ठिपक्यांवरून गेला आहे.

हे ठिपके मुळात नव्हते. प्राचीन हिब्रू व्यंजनांतच लिहीत. काही ठिकाणी वाव किंवा योद हे अक्षर स्वराची जागा दाखवी, त्या अक्षरांना ‘वाचनाच्या माता’ असं नाव आहे. भाषा रोजच्या तोंडी होती तोवर तेवढं पुरलं. पुढे लोक इतर भाषा बोलू लागले आणि हिब्रू प्रार्थनेत आणि पोथीत राहिली, तेव्हा उच्चार हरवण्याची भीती उभी राहिली. सातव्या ते दहाव्या शतकात गालील सरोवराकाठच्या तिबेरियास गावातल्या पंडितांनी ऐकलेला प्रत्येक स्वर खुणांत बांधला. पवित्र मजकुरातलं एक अक्षरही त्यांना हलवायचं नव्हतं. म्हणून स्वर अक्षरांच्या खाली, वर, पोटात बसवले. बाबिलोनमध्ये वेगळी पद्धत होती, खुणा अक्षरांच्या वर देण्याची. टिकली ती तिबेरियासची. त्या परंपरेतली संपूर्ण बायबलची सर्वांत जुनी प्रत १००८ सालच्या सुमाराची आहे. मला हे काम फार मोठं वाटतं. पुढे कोणाला तरी ऐकू यावं म्हणून माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ठिपके दिले.

आपल्या कोकणातही ही भीती खरी ठरली होती. बेने इस्राएल लोकांपाशी शतकानुशतकं शनिवारची सुट्टी राहिली, सुंता राहिली, ‘श्मा’ राहिली. बाकी हिब्रू गेली. ती परत आली ती बरीचशी मराठीच्या हाताला धरून. १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन ह्या मिशनऱ्याने हिब्रूचं मराठीतून व्याकरण काढलं. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता. लोकांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या सणाला वाचायची हागादा मराठी भाषांतरासह छापली गेली. ठिपके देत देत आपल्या भाषेपर्यंत आलेली ही वाट कुठल्याही शाळेत सांगितली जात नाही, ह्याचं मला वाईट वाटतं.

मावशींचा नातू अश्दोदला असतो. आजी हिब्रू वाचते हे माहीत असल्यामुळे त्याने परवा हिब्रूत निरोप पाठवला. मावशी चष्मा लावून बसल्या आणि थांबल्या. इस्राएलमध्ये ठिपके असतात ते लहान मुलांच्या पुस्तकांत, कवितेत, प्रार्थनेत आणि नवशिक्यांच्या धड्यांत. फोनवर कोणी ठिपके देत नाही. पहिला शब्द लागला, ‘हालाख्ती’, मी गेलो. दुसरा होता लामेद, सामेख, पे, रेश. लासापार वाचलं तर ‘न्हाव्याकडे’. लेसापेर वाचलं तर ‘सांगायला’. पोरगा केस कापायला गेला होता की कोणाला काही सांगायला? तेवढ्यात खाली फोटो उघडला. डोकं बारीक कापलेलं. मावशी खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, “न्हाव्याकडे.”

सगळी प्रार्थना ज्यांना मुखोद्गत आहे, त्या एका शब्दापाशी अडल्या आणि ज्याचं अर्धं आयुष्यही झालेलं नाही तो नातू ठिपक्यांशिवाय धावतो. त्यात कमीजास्त काही नाही. तो भाषेत राहतो, मावशी पुस्तकात राहतात. आपणही ‘जरा थांब’ आणि ‘जरा-मरण’ ह्यांतला ज वेगवेगळा म्हणतो, ‘चार’ आणि ‘चारा’ ह्यांतला च वेगवेगळा म्हणतो, कुठल्याही खुणेवाचून. परदेशात वाढणाऱ्या आपल्या नातवंडांना तो फरक कोण सांगणार? निदान त्यांच्या पुस्तकांत तरी अशा च-ज खाली नुक्ता द्यावा, असं मला आता मनापासून वाटतं.

सिनेगॉगमधल्या तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळीत एकही ठिपका नसतो. तिथे वाचणाऱ्याने आधी घरी तयारी करायची. त्यासाठी तिक्कून नावाचं पुस्तक असतं. एका रकान्यात मजकूर ठिपक्यांसह आणि शेजारच्या रकान्यात तोच मजकूर गुंडाळीतल्यासारखा, उघडा. मावशींच्या यजमानांचं तिक्कून त्यांनी कपाटातून काढून मला दिलं आहे. पानाच्या कडा बोटांनी मऊ झाल्या आहेत. मी सध्या ठिपक्यांच्या रकान्यात आहे, तिसऱ्या ओळीवर.