काचेतला निखारा

सिन्नरच्या पेठेतील ज्या दुरुस्तीच्या दुकानात माझ्या बालपणीचे कितीतरी उन्हाळे गेले, आणि जेथे शेजारच्या विडी कारखान्यातून येणारा तेंदूच्या पानांचा वास डाखाच्या धुरात मिसळत असे, तेथे फळीवर दोन ॲम्प्लिफायर नेहमी शेजारी शेजारी असत : एक व्हॉल्व्हांचा, दुसरा ट्रान्झिस्टरचा. सप्ताह, लग्ने, गणेशोत्सव यांतून ही यंत्रे आजारी होऊन परतत. पण त्यांच्या दुखण्याची तऱ्हा इतकी भिन्न, की दोघेही एकाच चाकरीत रुजू आहेत, हे खरे वाटू नये.

व्हॉल्व्ह आपली अखेर आगाऊ कळवी. वर्षानुवर्षे तापून त्याच्या कॅथोडची शक्ती क्षीण झाली, की आवाज मंदावे, किंचित फाटे. आणि काचेच्या आतल्या अंगावरील रुपेरी डाग दुधासारखा पांढरा झाला, म्हणजे आत हवा शिरली, हे मलाही समजे. मग मिस्तरीकाका तो व्हॉल्व्ह फडक्याने धरून उपसत व नवा बसवीत. डाख देण्याची तसदीही नसे. 1947 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेला ट्रान्झिस्टर मात्र वर्षामागून वर्षे बिनतक्रार हजेरी लावी, आणि एखाद्या रात्री, ऐन कीर्तनात, कर्ण्याच्या दोन तारा एकमेकींस चिकटताच, कसलीही वर्दी न देता जळून जाई. व्हॉल्व्हाच्या यंत्रास भय नेमके उलटे, तारा तुटल्याचे : कर्णा न जोडता आवाज चढविला, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळून त्याचे वेष्टण भेदले जाई.

हिशेबाने ट्रान्झिस्टरच अधिक खात्रीलायक, हे मी निःशंकपणे म्हणतो. तीन-चारशे व्होल्टांचा दाब आणि अखंड दाह या दोन्हींतून त्याने यंत्राची सुटका केली. कंडेन्सर सुकून कर्ण्यातून घुमघुम उठण्याची व्याधी तेवढी दोघांना समान. आणि ज्या दिवसांत गोंदेश्वर मंदिराच्या यादवकालीन शिळा दुपारी पाय ठरू देत नाहीत, त्या दिवसांत ती बळावे. व्हॉल्व्हाच्या यंत्रात हात घालण्यापूर्वी काका वीज तोडून, त्या कंडेन्सरातील साठा एका रेझिस्टन्समधून मुरवीत, आणि तोवर मला ओट्यावर उभे करीत.

दुरुस्ती संपली, की बटण दाबून ते हात मांडीवर ठेवीत. काचेत प्रथम तांबूस रेघ, मग नारिंगी उजेड. तो स्थिरावून कर्ण्यात पहिली खरखर येईपर्यंत दुकानात कोणी बोलत नसे.